न्यूनत्वबोधक ‘पण’

बसा. वह्या मिटा, आज धडा घेणार नाही. मोबाइल बाकावर पालथे ठेवा. मागच्या दोन रांगांनी पुढे या, मला ओरडायला लावू नका. ओरडण्यासारखं तुम्ही केलंय खरं. घसा मात्र माझा आहे.

माझ्या हातात काय आहे ते दिसतंय ना? जिन्याखालच्या फळ्यावरचं तुमच्या वाङ्मय मंडळाचं भित्तिपत्रक. सकाळी सव्वासातला मी स्वतः टाचण्या काढून उतरवलं. शिपायाला सांगू शकलो असतो. त्याचे वडील जाऊन अजून महिना झालेला नाही, म्हणून नाही सांगितलं.

विषय घेतलात ‘अपुऱ्या मालिका’. विषयाला माझी हरकत नाही. हरकत या डाव्या कोपऱ्यातल्या चित्राला आहे. दवाखान्यातली खाट, नाकात नळी, पांढरी दाढी, डोक्यावर ती खलाशी टोपी. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’वाला जॉर्ज मार्टिन, कोणीही ओळखेल. सलाइनच्या बाटलीत शाई भरलेली. आणि उशाशी उभा असलेला वाचक त्याची चादर ओढत म्हणतोय, “मरायचं तर मरा, आधी शेवटची दोन पुस्तकं हातात द्या.” कोणी काढलंय ते विचारत नाही. रेघ चांगली आहे, सलाइनमधल्या शाईची कल्पना तर फारच चांगली आहे, आणि म्हणूनच मी चिडलोय. एखाद्या मठ्ठाने काढलं असतं तर फाडून टोपलीत टाकलं असतं आणि विसरून गेलो असतो.

आता मधला लेख. रॉबर्ट जॉर्डनवरचा. तू, लांडग्याच्या टी-शर्टवाला, उभा राहा. तुझाच आहे ना? तिसऱ्या परिच्छेदातलं पहिलं वाक्य मोठ्याने वाच. नको, मीच वाचतो. “2007 साली जॉर्डन वारले हे वाईटच झालं, पण त्यांनी वाचकांना अर्ध्या वाटेवर सोडलं याचा राग येणारच.”

यातल्या ‘पण’ची जात सांग. उभयान्वयी अव्यय. बरोबर. प्रकार? न्यूनत्वबोधक. शाब्बास, दहावीचं अजून लक्षात आहे. मार्कांपुरतं पाठ केलंत, अर्थ कधी पाहिला नाहीत. न्यून म्हणजे उणं. आधीच्या वाक्यात काहीतरी कमी पडलं, हे सांगायला हा शब्द येतो. पाऊस पडला, पण विहीर भरली नाही. लाडू झाले, पण वेलदोडा राहिला. म्हणजे तुझ्या वाक्यात एक अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मेला, आणि ते तुला उणं पडलं. त्यात आणखी काहीतरी हवं होतं. काय रे, काय हवं होतं? मरण्याआधी बारावं पुस्तक?

खाली बसू नकोस. उभा राहा, अजून झालेलं नाही.

आधी माझं सांगतो, म्हणजे मागून कुजबुज नको. मी जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ मालिकेचा वाचक आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एकेक खंड गोळा केलेला वाचक, आणि खंड उलटसुलट क्रमाने हाती येत म्हणून पाचवा आधी, तिसरा नंतर असा वाचलेला. 2007 च्या सप्टेंबरात बातमी कळली तेव्हा मी एका मित्राला फोन केला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, “आता शेवटाचं काय?” मित्र क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “वय काय होतं रे त्याचं?” मला माहीत नव्हतं. अकरा जाडजूड पुस्तकं वाचली होती, नायक रँड अल्थोरच्या तळहातावरचे बगळ्याचे डाग तोंडपाठ होते, आणि लेखकाचं वय माहीत नव्हतं. आज मी त्या वयाच्या पुढे आलोय. तेव्हा तुम्हाला बोलतोय ते सोवळ्यात उभं राहून बोलत नाहीये. मला एकाने वेळेवर टोकलं, तुम्हाला मी टोकतोय, एवढाच फरक.

आता त्या माणसाकडे बघू. तुझ्या लेखात तो कुठेच नाही. पुस्तकं आहेत, त्यांची पानं आहेत, प्रकाशनाच्या तारखा आहेत, माणूस नाही.

खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्स्टनचा. जन्म 17 ऑक्टोबर 1948. व्हिएतनामच्या युद्धात दोनदा जाऊन आला, हेलिकॉप्टरच्या दारात मशिनगन धरून बसायचा. परत येऊन भौतिकशास्त्राची पदवी घेतली, नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केलं, मग लेखणी धरली. ‘द व्हील ऑफ टाइम’ची गोष्ट त्याने प्रकाशकाला सांगितली तेव्हा तीन पुस्तकांत आटपेल असा त्याचा अंदाज होता. हसू नका, प्रत्येक लेखक असंच म्हणतो. पहिलं पुस्तक, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’, जानेवारी 1990 मध्ये आलं. अकरावं, ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’, ऑक्टोबर 2005 मध्ये. पंधरा-सोळा वर्षांत अकरा, आणि मध्ये आधीच्या काळातली गोष्ट सांगणारं ‘न्यू स्प्रिंग’ वेगळं. हिशेब करा. तुमच्यातला कोणी वीस गुणांचा प्रकल्प मुदतीत देत नाही, आणि लेखात शब्द वापरलाय ‘रेंगाळले’.

मार्च 2006. त्याने वाचकांना पत्र लिहून कळवलं की आपल्याला अमायलॉइडोसिस झालाय. हा आजार काय असतो तेवढं तरी शोधायचं होतं. अस्थिमज्जेतल्या काही पेशी बिघडतात आणि चुकीची घडी पडलेलं प्रथिन रक्तात सोडत राहतात. ते विरघळत नाही, निघून जात नाही, जिथे अडकेल तिथे साचतं. त्याच्या बाबतीत हृदयाच्या भिंतीत साचत होतं. भिंत जाड होते, ताठरते. हृदय धडधडतं, मात्र दोन ठोक्यांच्या मध्ये त्याला जे सैल व्हावं लागतं ते होता येत नाही, आणि मग त्यात पुरेसं रक्तच भरत नाही. जिना चढताना, बूट घालायला वाकताना माणसाला धाप लागते. उपचार केले तर साधारण चार वर्षं, नाही केले तर एक, असं डॉक्टरांचं गणित होतं, आणि तो ते पत्रात सरळ लिहून मोकळा झाला. पुढे लिहिलं की आपला इरादा त्याहून बराच जास्त जगायचा आहे. डोक्यात असलेली सगळी पुस्तकं लिहायला किती वर्षं लागतील ते आपण बसून मोजलंय, ती तीस निघतात, तेव्हा तीस वर्षं जगायचं ठरवलंय.

मरणाच्या दारातला माणूस उरलेलं आयुष्य पुस्तकांच्या मापात मोजतोय. आणि तू त्याला म्हणतोस, सोडून गेला.

उपचारासाठी मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये गेला. जबर केमोथेरपी, स्वतःच्याच मूळपेशी काढून पुन्हा शरीरात घालणं, हे सगळं सोसलं. जमेल तेव्हा लिहीत राहिला. शेवटचं पुस्तक एकाच खंडात करणार, मग ते इतकं जाड होईना का की दुकानातून न्यायला सामानाची ढकलगाडी लागावी, अशी थट्टाही चालू होती. 2007 च्या उन्हाळ्यात कळलं की हातून लिहून होत नाही. तेव्हा त्याने काय केलं ते नीट ऐका, कारण हे तुझ्या लेखात यायला हवं होतं. त्याने घरच्यांना बसवलं आणि गोष्ट तोंडी सांगायला घेतली. कोण मरतं, कोण वाचतं, कोणाचं कोणाशी लग्न होतं. तासन् तास. मदतनिसांनी ती ध्वनिमुद्रित केली, कागदावर उतरवली. बसायची ताकद नसलेला माणूस आजीसारखा गोष्ट सांगत होता, कारण न भेटलेल्या लाखो लोकांना ती अपुरी ठेवून जाणं त्याला बरं वाटत नव्हतं.

आणि हा तोच माणूस, जो धडधाकट असताना वाचकांना दम द्यायचा: मी मेलो तर माझ्या संगणकाची डिस्क पुन्हा पुन्हा पुसून टाकायची सोय केली आहे, माझ्या माघारी कोणी माझी गोष्ट लिहायची नाही. त्याचा तो हक्क होता. टेरी प्रॅचेटने बजावलाच की. डिस्कवर्ल्डच्या एक्केचाळीस कादंबऱ्या लिहिलेला तो इंग्रज 2015 साली गेला, आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये डॉर्सेटच्या जत्रेत त्याची हार्ड डिस्क जुन्या वाफेच्या रोड रोलरखाली घातली गेली, त्याच्याच इच्छेप्रमाणे. त्यात अपुरी राहिलेली पुस्तकं होती. वाचकांनी खूप हळहळ केली, आणि रोलर फिरायचा तो फिरला. जॉर्डनलाही हे करता आलं असतं. त्याने केलं नाही. स्वतःचा शब्द स्वतः मोडला, तुमच्यासाठी. 16 सप्टेंबर 2007 ला, दुपारी, तो गेला.

यात अर्धी वाट कुठली, सांग मला.

आता तुझा दुसरा मुद्दा, पैशांचा. “वाचक पुस्तक विकत घेतो तेव्हा तो एक करार असतो.” ही अक्कल कुठून आणलीस? थोडक्यात सांगतो, कारण यात फार दम नाही. अकरा पुस्तकांचे पैसे दिलेस, अकरा पुस्तकं घरी आली. बाराव्याचे तू काही दिलेले नव्हतेस. उधारी कोणाची, वसुली कोणाकडे? आपल्याकडे मयताच्या घरी तेरा दिवस सावकारसुद्धा पायरी चढत नाही. आणि खरं तर तुझे पैसेही नव्हते. पुस्तकं ग्रंथालयाची आहेत, आठव्या खंडाचा दंड अजून बाकी आहे.

बाकीच्यांनी हसायचं कारण नाही. तुमचंही येतंय.

या खालच्या चौकटीत तुम्ही दोघींनी वाद घातलाय. एक म्हणते, दुसऱ्याने लिहून पुरं केलं हा विश्वासघात आहे. दुसरी म्हणते, आधीच दुसरा लेखक नेमायला हवा होता. वाद चांगला घातलाय, मजकूर शुद्ध आहे. फक्त दोघींच्या बोलण्यात त्या घरातली बाई कुठेच नाही. हॅरिएट मॅकडूगल. ती आधी त्याची संपादक होती आणि मग बायको झाली. मालिकेतलं प्रत्येक पुस्तक तिच्या हाताखालून गेलेलं. नवरा गेला आणि काही महिन्यांत तिला घरातल्या कागदांचा ढीग समोर घेऊन बसावं लागलं. ब्रँडन सँडरसन नावाच्या एका तरुण लेखकाने जॉर्डनवर लिहिलेला मृत्युलेख तिच्या वाचनात आला, मग तिने त्याची ‘मिस्टबॉर्न’ कादंबरी वाचून पाहिली, आणि डिसेंबर 2007 मध्ये त्याचं नाव जाहीर झालं. त्याच्या हाती पडली ती सुमारे दोनशे पानं: काही पुरे प्रसंग, काही तुकडे, काही नुसत्या नोंदी. त्यांतून तीन पुस्तकं झाली. 2009, 2010, आणि जानेवारी 2013 मध्ये ‘अ मेमरी ऑफ लाइट’. मालिका चौदा खंडांची झाली. शेवटचा प्रसंग जॉर्डनचा स्वतःचा आहे, त्याने तो जिवंतपणी लिहून ठेवला होता.

पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घाटावर काय होतं, पाहिलंय तुम्ही. कोणीतरी पुढे होऊन म्हणतं, तुझं राहिलेलं आम्ही करू, काळजी करू नकोस. सुतकातलं माणूस ते म्हणतं. कडेला उभं राहून बघणारे म्हणत नाहीत. चार्ल्स्टनमध्ये ते हॅरिएट म्हणाली, आणि तिच्या वतीने सँडरसनने पाच वर्षं ते निभावलं. तुमच्या चौकटीत तुम्ही मात्र त्या घाटावरचे कावळे झालात. इच्छा मयताची नाही, तुमची अपुरी राहिली आहे, आणि ती पुरी झाल्याशिवाय तुम्ही शिवायला तयार नाही.

सँडरसनची पुस्तकं कमअस्सल आहेत का? काही जागी आहेत. मॅट हे पात्र त्याच्या हातात पहिल्या खंडात तरी उपरं वाटतं, त्याचे विनोद ओढूनताणून येतात. हे लिहा की! ही टीका आहे, ही मला चालते. याला वाचावं लागतं.

एक विचारतो. तुम्ही रोज ‘कादंबरी’ म्हणता. हा शब्द कुठून आला? कोणालाच नाही? मराठी घेऊन बी.ए. करताय. हे एका पुस्तकाचं नाव आहे, आणि त्या पुस्तकातल्या नायिकेचं. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारात बाणभट्ट होता, त्याची ‘कादंबरी’. पोपटाच्या तोंडून सुरू होणारी, जन्मोजन्मींची, शापांची, चंद्र माणूस होऊन खाली येतो अशी कथा. तुमच्या भाषेत फँटसीच की. ती कुठे थांबते माहीत आहे? पत्रलेखा चंद्रापीडाला सांगतेय की कादंबरी काय काय म्हणाली, आणि त्या बोलण्याच्या मध्येच बाण मेला. मुलगा भूषणभट्ट, काही पोथ्यांत त्याचं नाव पुलिंद आहे, त्याने उरलेली पुरी केली. सुरुवातीला तो सांगतो की वडील गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथाही तुटली. चांगल्या लोकांना त्याचं दुःख झालेलं पाहिलं म्हणून मी हे हाती घेतलं, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. उत्तरभाग बापाच्या तोडीचा नाही असं बहुतेक पंडितांचं मत आहे. असेल. मराठी माणसाने लांबलचक कथेला जे नाव दिलं ते मात्र याच पुस्तकाचं, जे लिहिता लिहिता लेखक गेला आणि ज्याला दुसऱ्या हाताने शेवट दिला. तो शब्द दिवसातून दहादा उच्चारणाऱ्यांनी अपुरेपणाचा एवढा कांगावा करावा?

भूषणभट्टाने पाहिलेलं ते लोकांचं दुःखसुद्धा वाचकांचंच होतं, हे मला मान्य आहे. गोष्ट तुटली की पोटात खड्डा पडतो. पडू दे. तो खड्डा लपवा असं मी म्हणत नाही. रडा, तेही चालेल. जॉर्डनच्या वाचकांपैकी कितीतरी जण तेच करत होते, आणि नुसते रडून थांबले नाहीत. 2009 पासून ते अटलांटाजवळ दरवर्षी जमतात, आणि त्याच्या आजारावरच्या संशोधनासाठी तिथे पैसे गोळा केलेत. तुमच्यासारख्याच वाचकांनी.

राहिला मार्टिन, तुमच्या खाटेवरचा. तो अजून जिवंत आहे, हे चित्र काढताना लक्षात होतं का? जन्म 20 सप्टेंबर 1948. जॉर्डनहून सत्तावीस दिवसांनी मोठा. त्याचं ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ 1996 साली आलं तेव्हा जॉर्डनने त्यावर छापायला शिफारशीचे शब्द दिले होते, आणि त्याने आपल्या पुस्तकाला वाचक मिळाले असं मार्टिन स्वतः म्हणत आलाय. पुढे त्याने आपल्या कथेत एका सरदार घराण्याचं नाव जॉर्डेन ठेवलं, गढीचं नाव टॉर, म्हणजे जॉर्डनच्या प्रकाशकाचं, आणि सरदाराचं ट्रेबोर. उलटं वाचा. रॉबर्ट. इतक्या बारकाईने वाचणारे तुम्ही, हे कोणाला दिसलं नाही?

पाचवं पुस्तक 2011 साली आलं, सहाव्याची वाट बघून तुमचा जीव गेला, मला कळतं. पण सोबत्याला अर्ध्यावर जाताना पाहिलेल्या माणसाला कुठेही गेलं की कोणीतरी विचारतं, तुम्ही आधी मेलात तर? 2014 साली एका स्विस वृत्तपत्राने मुलाखतीत हेच विचारलं, तेव्हा त्याने मधलं बोट वर करून उत्तर दिलं. मी वर्गात ते करून दाखवणार नाही. करावंसं वाटतंय.

आत्ता मी ‘पण’ म्हणालो, हो. ऐकलंस, चांगलं आहे. ते कोणत्या दोन वाक्यांच्या मध्ये आलं ते तपास.

आता काम. भित्तिपत्रक नव्याने करायचं, सोमवारी दुपारी एकपर्यंत. चित्र मी परत देणार नाही, ते माझ्या खणात राहील; ज्याने काढलंय त्याने मला एकट्याने येऊन भेटावं, कागद चांगला आणत जा हेही सांगायचंय. तुम्ही दोघींनी वाद तसाच ठेवा, फक्त हॅरिएटचा एक परिच्छेद त्यात आला पाहिजे. आणि तू, टी-शर्टवाल्या, तिसरा परिच्छेद पुन्हा लिही. पहिलं वाक्य ‘वारले’वर संपव. पूर्णविराम दे. पुढचं वाक्य नव्या ओळीवर, काय लिहायचं ते तू बघ.

हो, आणि शीर्षकात ‘श्रध्दांजली’ लिहिलंय. द ला ध जोडायचा असतो, ध ला द नाही. बसा आता.